मुंबई शहरातली जुनी गाडी : पारख, किंमत आणि नावावर होणे

सेकंडहॅण्ड गाडीचा विषय निघाला की बाजारात पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : मॉडेल कोणत्या वर्षाचे आणि गाडी फिरली किती? गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात वापरलेल्या गाडीला हे दोन प्रश्न पुरत नाहीत. दुसऱ्याचे उत्तर तर इथे सहसा फसवे असते. डॉ. आंबेडकर रोडवरून किंवा गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट रोडवरून रोज कामावर जाणारी गाडी ताशी सरासरी १२ किलोमीटरने सरकते असे धरले, तर ४०,००० किलोमीटर होईपर्यंत तिचे इंजिन ३,३०० तासांहून अधिक चाललेले असते. तेवढेच अंतर महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने कापलेल्या गाडीचे इंजिन ६७० तासांच्या आसपास चालते. मीटरवर आकडा एकच, पण इंजिन, रेडिएटरचा पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसर पाचपट वेळ राबलेले. क्लच किती वेळा दाबला गेला याचा तर हिशेबच नाही. म्हणून ‘फक्त ३० हजार चाललेली, सिटी यूज’ हे ऐकून खुश होण्याऐवजी खरेदीदाराने ती गाडी कुठे उभी राहत होती, कोणत्या रस्त्याने जात होती आणि पावसाळ्यात तिचे काय होत होते, हे आधी विचारावे.

शहरी वापराची पहिली खूण क्लचवर दिसते. पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलत असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मागे राहतो असे होत असेल, तर क्लचप्लेट संपत आली आहे. एएमटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीतही आत क्लच असतोच. तो पायाने दाबावा लागत नाही, एवढेच. कोंडीत तो झिजतोच, आणि गाडी धक्का देत पहिल्या-दुसऱ्यात घुटमळते तेव्हा ते कळते. डिझेल गाडीबाबत आणखी सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. परळहून फोर्टला आणि परत एवढेच जिचे आयुष्य, त्या गाडीत हा फिल्टर तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो. ज्याचा स्वतःचा वापर शहरापुरताच आहे त्याने बीएस-६ डिझेल घेऊच नये, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. त्याला पेट्रोल किंवा सीएनजी सोयीचे.

सीएनजी गाडीत किट कंपनीचे आहे की बाहेरून बसवलेले, आणि बाहेरचे असल्यास त्याची नोंद आरसीवर आहे का, हे पाहावे. नोंद नसलेले किट अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवे येते. टाकीची हायड्रोटेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि तिची तारीख टाकीजवळच्या पट्टीवर असते.

पाण्यात बसलेली गाडी

या भागातल्या गाडीचा सर्वांत मोठा लपवलेला दोष म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून ‘पाण्यातली गाडी’ हा शब्द मुंबईच्या गॅरेजमध्ये रुळला. त्यानंतरही २९ ऑगस्ट २०१७ ला दादर-परळ भागात आणि ५ ऑगस्ट २०२० ला दक्षिण मुंबईत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. दादर-परळमधली हिंदमाता ही तर बशीसारखी सखल जागा. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्यापासून तिथले पाणी लवकर ओसरते, पण गाडीचे नुकसान व्हायला काही तास भरपूर असतात. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आले की गालिचाखालचे वायरिंग आणि कनेक्टर भिजतात. हवेच्या नळीतून ते इंजिनात गेले आणि त्याच वेळी कोणी स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

अशी गाडी धुऊन, पॉलिश करून, अत्तराचा वास मारून विकायला येते. वरून काही दिसत नाही, म्हणून खाली पाहायचे असते. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात गाळाची रेघ आहे का, पुढच्या सीटच्या रुळांना आणि स्क्रूंना गंज आहे का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीचा डाग आहे का, डॅशबोर्डखाली हात घालून कनेक्टर हिरवट पडले आहेत का, हेडलाइटच्या काचेत आतून दव धरते का, हे सगळे पाच-दहा मिनिटांत पाहून होते. गालिचा एका कोपऱ्यातून उचलायला मालकाने नकार दिला, तर ती गाडी तिथेच सोडावी.

कागदांतूनही पाणी कळते. चालू विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे हे छापलेले असते. सलग दावा न केलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीवर बोनस शून्य किंवा २० असेल, तर नजीकच्या काळात दावा झाला आहे किंवा मधे पॉलिसी खंडित झाली आहे. दावा कशाचा, हे विचारण्याचा खरेदीदाराला पूर्ण हक्क आहे. मात्र बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. मालकाने आपला आधीच्या गाडीचा बोनस हिच्यावर आणलेला असू शकतो, त्यामुळे ५० टक्के दिसले म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. अशा गाड्या भंगाराच्या भावात विकल्या जातात आणि त्यांतल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात.

या बाबतीत एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. गाडी जिथे उभी असते त्या इमारतीचा वॉचमन, पे अॅण्ड पार्कवाला किंवा चाळीतले शेजारी यांच्याशी दोन शब्द बोलावेत. गाडी जुलैमध्ये कुठे हलवतात, की पाण्यातच राहते, हे त्यांना ठाऊक असते, आणि लपवण्याचे त्यांना कारण नसते.

खारी हवा, उभी गाडी आणि चाचणीचा रस्ता

मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, वरळी आणि शिवाजी पार्कच्या समुद्राकडच्या बाजूला उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला मिठाची हवा खाते. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि सस्पेन्शनचे जोड तपासायला गाडी रॅम्पवर चढवावी. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर पापुद्रे पडत असतील तर चालत नाही. वर्षभर रेक्झिनच्या कव्हरखाली झाकलेली गाडी जपलेली वाटते, पण पावसाळ्यात त्या कव्हरखाली ओल कोंडते.

फारशी न चाललेली गाडी हाही या भागातला नेहमीचा नमुना. पार्किंगची जागा गेली तर परत मिळणार नाही, या भीतीने अनेक घरांत गाडी आठवडेच्या आठवडे हलत नाही. तिची बॅटरी मरते, ब्रेकच्या चकत्यांना गंज चढतो, टायर एका बाजूने बसतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते. नव्या चार टायरांचा खर्च किमतीतून वजा व्हायलाच हवा.

उलट बंपरवरच्या चऱ्यांना आणि आरशावरच्या ओरखड्यांना खरेदीदार उगाच घाबरतात. गिरगावच्या गल्ल्यांत राहिलेली गाडी ओरखड्यांवाचून असेल तर तीच आधी नीट पाहावी, कारण ताजा रंग काहीतरी झाकण्यासाठी असू शकतो. बॉनेट, दारे, पुढची पॅनेल यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बिजागरांच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, सगळ्या काचांवर छापलेले उत्पादनवर्ष एकच आहे का, हे पाहावे. अपघात चेसिसपर्यंत पोचला असेल तर बॉनेटखालच्या पट्ट्यांवर वेल्डिंग सापडते. अशा गाडीला कमी किमतीतही हात लावू नये.

चाचणीसाठी मालक सुचवील तो मोकळा फेरफटका पुरेसा नाही. गाडी थंड असताना स्टार्ट करावी, आधीच गरम करून ठेवलेली नको. गिरगावातून मलबार हिलचा चढ चढून मधे थांबून पुन्हा उचलली की क्लच आणि हॅण्डब्रेक दोन्ही कळतात. दादर-परळच्या कोंडीत एसी चालू ठेवून अर्धा तास काढल्यावर तापमानाचा काटा स्थिर राहतो का ते दिसते. लालबाग उड्डाणपुलावर सरळ रेषेत स्टिअरिंग क्षणभर सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, आणि आतल्या रस्त्यांच्या गतिरोधकांवर खालून ‘खट्’ वाजते का, एवढे झाले की बरेचसे चित्र समोर येते. सोबत न्यायचा मिस्त्री मात्र आपला असावा, विकणाऱ्याने आणलेला नको. त्याला तपासणीचे वेगळे पैसे द्यावेत, म्हणजे व्यवहार जमण्यात त्याचा फायदा उरत नाही.

मीटर मागे फिरवलेले आहे का, हे फक्त तुलनेने कळते. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी किलोमीटरची नोंद होते, आणि मालकाने विनंती केली की ती यादी मिळते. शेवटच्या नोंदीपेक्षा मीटर कमी दाखवत असेल तर प्रश्नच मिटला.

कागद

हा सगळा भाग ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे येतो, म्हणून इथल्या गाड्या एमएच-०१. पैशांची बोलणी सुरू होण्याआधी एम-परिवहन अॅपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकावा. नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, विमा आणि पीयूसीची मुदत, आणि कर्जाचा बोजा म्हणजे हायपोथिकेशन तिथे कळते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते. डिसेंबरात बनून पुढच्या वर्षी नोंदलेली गाडी नव्या वर्षाच्या भावाने विकली जाते, ते मान्य करू नये. चेसिसवरचा नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडावा.

कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो काढून घ्यावा लागतो. हे काम विकणाऱ्याचे, आणि उरलेले पैसे देण्याआधी व्हायला हवे. प्रलंबित ई-चलाने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर दिसतात. सागरी सेतू आणि कोस्टल रोडवरच्या कॅमेऱ्यांमुळे वेगमर्यादेची चलाने साठत जातात आणि मालकाला पत्ताही नसतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली आहे का हेही पाहावे. ती नसेल तर आरटीओत मालकी बदलण्याचे काम अडते.

दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते, हा प्रश्न मुंबईत वारंवार येतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. मुंबईत असा नियम नाही, म्हणून त्या इकडे येतात. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हे सारे आले. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीच आटते.

किंमत

मालक सहसा आपण गाडी कितीला घेतली होती तिथून सुरुवात करतो. ती रक्कम इथे कामाची नाही. तेच मॉडेल आज नवे कितीला मिळते, तिथून हिशेब धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा कर उपकरासह २९ ते ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची कमाल मर्यादाही त्याच दिवशी खाली येते, मग मालकाने २०२३ मध्ये कितीही मोजलेले असोत.

विमा कंपन्यांचे घसाऱ्याचे कोष्टक हा चांगला आधार आहे. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के घसारा. त्यापुढे परस्पर संमतीने. समजा एका गाडीची आजची शोरूम किंमत ८ लाख आहे आणि जुनी गाडी साडेतीन वर्षांची आहे. कोष्टकाने ४ लाख ८० हजार येतात. मागणी असलेल्या मॉडेलला बाजार याहून जास्त देतो, न खपणाऱ्याला कमी. पोर्टलवर दिसणारे आकडे मागितलेल्या किमतीचे असतात, व्यवहार झालेल्या किमतीचे नव्हे, हेही ध्यानात असावे. या पायाभूत किमतीतून लगेच करावे लागणारे खर्च एकेक करून वजा करावेत : टायर, बॅटरी, क्लच, संपत आलेला विमा. ‘थोडे कमी करा’ म्हणण्यापेक्षा गॅरेजचे लेखी कोटेशन पुढे ठेवले की बोलणी लवकर संपतात.

मालक तिसरा-चौथा असेल तर किंमत उतरते. वेळही महत्त्वाची. गुढीपाडवा आणि दसऱ्याच्या आधी मागणी चढते. पितृपक्षात बरेच जण खरेदी टाळतात, म्हणून ज्याला त्याचे वावडे नाही त्याला तेव्हा घासाघीस करता येते. डिसेंबरात गाडी एका वर्षाने लहान असते, जानेवारीत कागदावर ती मोठी होते. विकायचे असेल तर हे आधी ठरवावे.

डीलरकडे किंमत जास्त पडते. त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहारावर जीएसटी नाही. जास्तीच्या पैशांत वॉरंटी आणि कागदांची जबाबदारी लेखी मिळत असेल तरच ते द्यावेत.

विकणाऱ्याचा धोका

विकणारे बेफिकीर असतात, आणि खरे संकट त्यांच्यावरच येते. पैसे मिळाले, किल्ली दिली, पण आरसीवर नाव तसेच राहिले, तर कायद्याच्या नजरेत मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाची सूचना द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. कोरे फॉर्म सही करून एजंटाच्या हाती देण्याची सवय मोडली पाहिजे. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करावी, आणि प्रत्येक पानाचा फोटो ठेवावा. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्यांची पावतीही करावी, कारण त्या दिवशी दुपारी आलेले चलान कोणाचे, याचा वाद होतोच. नाव बदलेपर्यंत किमतीचा काही भाग अडकवून ठेवणे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सारखेच हिताचे. अडकलेल्या पैशांमुळे दोघेही आरटीओच्या कामामागे लागतात.

डीलरला गाडी देताना १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांचा आधार घ्यावा. आरटीओकडून प्राधिकृत झालेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी द्वारे ऑनलाइन सूचना दिली की विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरवर जाते. प्राधिकारपत्र न दाखवणाऱ्याकडे गाडी ‘पार्क अॅण्ड सेल’ म्हणून ठेवू नये.

पैसे बँकेतून घ्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. फास्टॅग विकणाऱ्याच्या बँकखात्याशी जोडलेला असतो. तो बंद केला नाही तर दुसऱ्याचा टोल आपल्या खात्यातून जात राहतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर देऊन टाकायचा नसतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तीन वर्षांत नव्या गाडीला तो वापरता येतो. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. तोवर तिसऱ्या व्यक्तीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

वडिलांची गाडी आणि पंधरा वर्षांपुढची गाडी

मालक वारल्यावर घरातली गाडी तशीच चालवत राहणे या भागातल्या जुन्या घरांत सर्रास दिसते. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्वारे ती आपल्या नावावर करावी लागते. त्याआधी ती विकता येत नाही. इतर वारसांची ना-हरकत आधीच लेखी घेतली तर पुढचे महिने वाचतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी आणि पर्यावरण कर देऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीसाठी १०,००० करण्यात आले. त्यामुळे चौदा वर्षांच्या गाडीची किंमत ठरवताना हा खर्च आणि तपासणीत ती पास होईल का, हे दोन्ही हिशेबात धरावे लागते. हौसेची गोष्ट निराळी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी नोंदणीच्या पद्मिनीला आजही गिऱ्हाईक मिळते, पण तिचा भाव चालू आरसी आणि मूळ सुट्या भागांवर ठरतो. ५० वर्षांवरील मूळ स्थितीतल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. मात्र तशी नोंद झाली की ती रोजच्या वापरात आणता येत नाही.

जी गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नये. आरसी रद्द न होता गेलेल्या गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढू शकतो. नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवल्यावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, आणि करातही राज्याने ठरवलेली सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत ती खासगी गाडीसाठी २५ टक्क्यांपर्यंत ठेवलेली आहे. स्क्रॅपिंगनंतर आरटीओच्या नोंदीत गाडी रद्द झाल्याचे वाहन पोर्टलवर पाहून त्याची प्रत विम्याच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.